लॅबव्ह्यूमधून जाळ्यावरील मूळ पॅकेट टिपणे : अध्यापनासाठी एक पद्धत

प्रस्तावना

चिक्कडपल्लीच्या एखाद्या घरी आलेले पत्र वाचताना पाकीट फोडून बाजूला टाकले जाते व मजकूर तेवढा उरतो. लॅबव्ह्यू या चित्ररूप प्रणालीतील टीसीपी व यूडीपीचे तयार घटक असेच काम करतात. पाकिटावरचे पत्ते कार्यप्रणाली आधीच काढून घेते. परिणामी जाळ्याच्या थरांची रचना विद्यार्थी पाठ करतो, पण प्रत्यक्ष पाहत नाही. १९८६ मध्ये नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने आणलेल्या या प्रणालीतूनच ते पाकीट वर्गात कसे दाखविता येते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

पद्धती

विंडोजवर मूळ पॅकेट मिळविण्यासाठी स्वतंत्र लायब्ररी लागते. पूर्वी त्यासाठी इटलीतील तोरिनो येथे विकसित झालेली विनपीकॅप वापरली जात असे. तिची अखेरची आवृत्ती २०१३ मध्ये निघाली. आता एनपीकॅप वापरतात. निःशुल्क परवान्यावर ती ५ संगणकांपर्यंत बसविता येते.

लॅबव्ह्यूच्या 'कॉल लायब्ररी फंक्शन' या घटकाने या लायब्ररीतील फंक्शने बोलाविता येतात. 'पीकॅप लूप' हे फंक्शन प्रत्येक पॅकेटसाठी परत हाक मारणारे दुसरे फंक्शन मागते आणि ते चित्ररूप आकृतीतून देणे अवघड असते. म्हणून 'पीकॅप नेक्स्ट एक्स' सोयीचे पडते. ते पॅकेट मिळाल्यास १ व मुदत संपल्यास ० देते. मात्र हाती येतो तो स्मृतीतील पत्ता. तेथील बाइट 'मूव्हब्लॉक'ने लगेच उतरवून घ्यावेत, कारण पुढच्या हाकेनंतर ते टिकतीलच असे नाही. पॅकेट टिपणारे चक्र व दाखविणारे चक्र वेगळे ठेवून मध्ये रांग योजावी.

वाचन

इथरनेट पॅकेटचे पहिले ६ बाइट प्राप्तकर्त्याचा पत्ता, पुढील ६ प्रेषकाचा व नंतरचे २ प्रकार दर्शवितात. आयपी आवृत्ती ४ असल्यास हा प्रकार सोळा-पायाच्या अंकांत ०८०० असतो. अशा पॅकेटचा २४ वा बाइट १ असेल तर आयसीएमपी, ६ असेल तर टीसीपी व १७ असेल तर यूडीपी समजावे. एका संगणकावरून दुसऱ्यास 'पिंग' दिल्यास विद्यार्थ्यास १ हा अंक स्वतः शोधता येतो.

येथे एक चूक हमखास होते. पॅकेटच्या शीर्षातील अंक मोठा बाइट आधी अशा क्रमाने असतात व लॅबव्ह्यूही मूलतः तोच क्रम धरते. परंतु एनपीकॅप सोबत देत असलेली वेळ व लांबी इंटेलच्या उलट क्रमाने येते. क्रम न बदलल्यास ६० बाइटचे पॅकेट अब्जावधी बाइटचे दिसते.

मर्यादा व दक्षता

स्विच असलेल्या जाळ्यात सामान्यतः स्वतःची व सर्वांना उद्देशून पाठविलेलीच पॅकेट दिसतात. तरीही सांकेतिक रूप न दिलेला पासवर्ड जसाच्या तसा वाचता येतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना जाळ्यातील माहिती घेतल्यास भरपाई द्यावी लागू शकते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणून ग्रंथालय वा वसतिगृहाच्या जाळ्यावर हा प्रयोग करू नये. दोन संगणक व एक स्विच असे वेगळे जाळे पुरेसे आहे.

निष्कर्ष

या प्रयोगातून विद्यार्थ्यास पाकीट उघडता येते, आणि ते कोणी उघडावे हेही कळते. दुसऱ्याचा मजकूर ही अमानत आहे, हा धडा २४ व्या बाइटइतकाच महत्त्वाचा आहे.