साथ येण्याआधी कामाची जागा तयार ठेवू या

केदारखेडा हे भोकरदन तालुक्यातले, जालना-भोकरदन रस्त्यावरचे गाव. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी वस्तीच्या तोंडाशी टेम्पो उभा राहतो. बाया डबा, पाण्याची बाटली आणि डोक्याला बांधायचे फडके घेऊन दाटीवाटीने बसतात. त्याच वेळी काही तरुण जालन्याच्या एमआयडीसीत पाळीला निघालेले असतात. कुणी वीटभट्टीवर जातो, कुणी बांधकामावर, आणि दिवाळीच्या आगेमागे काही जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात.

अशाच काही कष्टकऱ्यांबरोबर आम्ही एका संध्याकाळी विहारात बसलो. एकच प्रश्न विचारला, "अंगात ताप असला तर कामाला जाता का?" जवळपास सगळेच "हो" म्हणाले. एक मावशी म्हणाल्या, "ताप उतरतो हो. पण बुडालेला रोज परत येत नाही. अन् एक दिवस नाही गेलं की मुकादम दुसरीला घेतो, मग आठवडा जातो." एमआयडीसीत जाणारा एक जण म्हणाला, "ठेकेदार म्हणतो, गोळी खा अन् ये."

साथरोगाची खरी गोष्ट या दोन वाक्यांत आली. औषध आणि फवारणी यांच्याबद्दल पुष्कळ सांगितले जाते, पण आपल्या वस्तीत साथ पसरते ती बहुतेक वेळा आजारी माणसाला घरी बसणे परवडत नाही म्हणून. तापातली बाई टेम्पोत बसते, सगळ्यांबरोबर एकाच तांब्याने पाणी पिते, आणि आठ दिवसांत निम्मी टोळी आजारी पडते. एक रोज वाचवायला जावे तर वस्तीचे पन्नास रोज बुडतात. म्हणून या वेळी आम्ही घरापेक्षा कामाच्या जागेबद्दल लिहीत आहोत. शेताचा बांध, भट्टीचे मैदान, कारखान्याचा फ्लोअर, फडावरची कोपी आणि कामावर नेणारी गाडी, या सगळ्या आपल्या कामाच्या जागाच आहेत.

जालन्याने पाहिलेली एक रात्र

तयारी नसली की काय होते, हे आपल्या जिल्ह्याने २०२० मध्ये पाहिले. मार्चअखेर कोविडमुळे देश बंद झाला. जालन्यातले पोलादाचे कारखाने थांबले. बाहेरगावचे मजूर कामाविना, मजुरीविना अडकले. मध्य प्रदेशातून आलेले असेच वीस मजूर ७ मे रोजी संध्याकाळी जालन्यातून पायी निघाले. भुसावळला रेल्वे मिळेल, तिथून घर गाठू, एवढीच त्यांची आशा होती. ती बुद्धपौर्णिमेची रात्र होती. गाड्या बंद आहेत असे समजून ते रुळांवरून चालले आणि थकून करमाडजवळ रुळांवरच टेकले. ८ मेच्या पहाटे मालगाडी आली आणि त्यांतले सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकरीचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले.

त्या सोळा जणांना कोविडने मारले नव्हते. काम थांबले तर मजूर कुठे राहणार, काय खाणार, त्याला मजुरी कोण देणार, घरी कसा जाणार, याचा विचार आधी कुणीच केलेला नव्हता. त्याच वसंतात मराठवाड्यातले हजारो ऊसतोड मजूर साखर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले होते. एप्रिलमध्ये सरकारने परवानगी दिल्यावर त्यांना आपापल्या गावी परतता आले.

ही गोष्ट नवी नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो माणसे शहर सोडून गावाकडे पळाली. गिरण्यांना मजूर मिळेनात. काही मालकांना रोजची मजुरी रोज द्यावी लागली. पुण्याकडे प्लेग पसरला तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. घरे रिकामी करणाऱ्या, माणसे ओढून नेणाऱ्या त्या काळात आपल्या वाड्यातल्या आजाऱ्याला हात लावणारी माणसे फार थोडी होती, हे विसरता येत नाही.

आजारी माणसाला घरी राहता आले पाहिजे

तयारीतले पहिले काम हेच. कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी यात बाबासाहेबांचा मोठा वाटा आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच काळात प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास सोपवला गेला. १९४४ मध्ये अहवाल आला, आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. यालाच आपण ईएसआय म्हणतो.

ज्या कारखान्यात दहा किंवा त्याहून जास्त माणसे आहेत आणि ज्याचा पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे, त्याला ही योजना साधारणपणे लागू होते. ठेकेदाराकडचा कामगारही यात येतो. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. ठरलेले दिवस वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत रोजच्या सरासरी मजुरीच्या सुमारे ७० टक्के रक्कम मिळते. टीबीसारख्या लांबणाऱ्या आजारात, काही अटी पूर्ण असतील तर, त्याहून जास्त दराने आणि दोन वर्षांपर्यंत मदत मिळू शकते. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. म्हणून पगारपत्रक पाहा. ईएसआयची कपात होते का? तुमचा विमा क्रमांक तुमच्याकडे आहे का? कपात होते आणि क्रमांक मिळालेला नाही, असे असेल तर आजच मागा. ताप आल्यावर कागद शोधत बसण्यात अर्थ नाही.

बांधकामावर जाणाऱ्यांनी वर्षात ९० दिवस काम केले असेल तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून ठेवावी.

शेतमजूर बाईला मात्र ईएसआय नाही. तिच्यासाठी आपल्यालाच काही करावे लागेल. बचत गटात एक वेगळी पेटी ठेवता येते. तिला 'तापाची पेटी' म्हणू. वेचणीच्या हंगामात प्रत्येकीने आठवड्याला थोडे पैसे टाकायचे. जी आजारी पडून घरी राहील तिला तीन दिवस निम्मा रोज त्यातून द्यायचा. हिशेब वहीत, सगळ्यांसमोर. आणि मुकादमाशी हंगाम सुरू होण्याआधीच बोलून घ्यायचे की आजारी बाईची जागा तीन दिवस तिचीच राहील, तेवढ्यापुरती बदली टोळीच देईल. बदली टोळी देणार म्हटल्यावर मुकादमाचेही काम अडत नाही. एकटी बोलली तर तो ऐकणार नाही, पण बारा जणी मिळून बोलल्या तर ऐकेल.

किती दिवस घरी?

ताप, सर्दी, खोकला असेल तर गोळी न घेता ताप उतरून किमान एक पूर्ण दिवस जाईपर्यंत घरी राहा. कामावर परतल्यावरही खोकला असेपर्यंत तोंडाला मास्क किंवा स्वच्छ फडके बांधा.

जुलाब-उलट्या थांबल्यावर आणखी दोन दिवस थांबा. त्या दिवसांत टोळीचे पाणी भरायचे नाही, स्वयंपाक करायचा नाही.

डोळे आले असतील तर चिकटा आणि पाणी येणे थांबेपर्यंत घरी राहा. टॉवेल, रुमाल, उशी वेगळी ठेवा.

कांजिण्यांमध्ये सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी राहावे. गरोदर बाईने अशा आजाऱ्यापासून लांब राहावे.

डेंगी माणसापासून माणसाला थेट लागत नाही, डास चावल्याने होतो. पण डेंगीच्या आजाऱ्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, कारण हा डास दिवसा चावतो. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्या मनाने घेऊ नका. पोटात जोराने दुखू लागले, रक्त आले, उलट्या थांबेनात, माणूस सुस्त पडला तर लगेच दवाखान्यात न्या.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करा. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा होतात. औषधे नीट सुरू झाली की बहुतेकांपासून लागण होण्याचा धोका काही आठवड्यांत खूप कमी होतो. कामावर कधी परतायचे ते डॉक्टर सांगतील. टीबी हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नाही. म्हणून त्याचे भांडे वेगळे काढू नका आणि त्याला टोळीतून कायमचे काढू नका. वेगळे भांडे म्हणजे काय, हे आपल्या आजा-पणजांनी सोसले आहे. ते आपणच आपल्या माणसाला देऊ नये.

पाणी आणि हात

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. हात-पाय लुळे पडण्याचा हा आजार. तपासणीत दूषित पाण्यातून होणाऱ्या पोटाच्या संसर्गाकडे बोट गेले. एवढ्या मोठ्या शहरात हे होते, तर शेतातल्या विहिरीचे पाणी डोळे झाकून कसे प्यायचे?

घरून उकळून गार केलेले पाणी नेणे सगळ्यांत चांगले. टोळीसाठी एकच कॅन असेल तर त्यात आशाताईंनी दिलेले क्लोरीनचे औषध त्यांनी सांगितलेल्या मापाने टाका आणि अर्धा तास थांबून मगच प्या. कॅनला तोटी असावी. तोटी नसेल तर लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढा, हात बुडवू नका. तांब्या एकच असेल तर तोंड न लावता वरून प्या.

साबणाची एक वडी जाळीच्या पिशवीत घालून कॅनजवळ टांगा. जेवणाआधी आणि संडासला जाऊन आल्यावर वीस सेकंद हात धुवा. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवण्याचा नियम आहे. पेटी दिसली नाही तर विचारा.

टोळीच्या पिशवीत ओआरएसची चार पाकिटे कायम असू द्या. एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. याहून जास्त मीठ घालू नका.

हवा आणि गाडी

शेतात हवा मोकळी असते. धोका जास्त असतो तो गाडीत, कोपीत आणि पाळीनंतर झोपायच्या खोलीत. गाडीची ताडपत्री दोन्ही बाजूंनी वर बांधा. खोकणारा माणूस मागे, उघड्या बाजूला बसवा. एका खोलीत आठ-दहा जण झोपत असतील तर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, डोके-पाय उलटसुलट करून झोपा. आजाऱ्यासाठी एक कोपरा किंवा शेजारची एक खोली आधीच ठरवून ठेवा.

भट्टीवर आणि बांधकामावर पाण्याचे हौद, ड्रम, टायर असतात. आठवड्यातून एक दिवस ते कोरडे करून घासा, कारण डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. हौद कोरडा करता येत नसेल तर झाका किंवा त्यात गप्पी मासे सोडा.

वहीचे एक पान

प्रत्येक टोळीत, प्रत्येक पाळीत एक जण आरोग्याचा जिम्मेदार ठरवा. त्याच्या वहीत एका पानावर एवढे असावे: सगळ्यांची नावे आणि घरच्यांचे फोन, कुणाला साखर, बीपी, दमा आहे, कोण गरोदर आहे, मुकादम किंवा ठेकेदाराचा फोन, आशाताईंचा फोन, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा फोन. त्याखाली १०८ रुग्णवाहिकेसाठी आणि १०४ आरोग्य सल्ल्यासाठी. एकाच आठवड्यात टोळीतल्या तिघांना सारखाच आजार झाला तर त्याच दिवशी आशाताईंना कळवायचे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी आणखी एक करावे. उचल घेतानाच मुकादमाला चार प्रश्न विचारा आणि उत्तरे साक्षीदारासमोर लिहून घ्या. फडावर पिण्याचे पाणी कोण देणार? आजारी पडलो तर दवाखान्यात कोण नेणार? काम बंद पडले तर खाण्याची सोय कुणाची? घरी परत आणणार कोण? २०२० मध्ये जालन्यातून पायी निघालेल्या त्या वीस जणांना या प्रश्नांचे उत्तर देणारे कुणीच नव्हते.

केदारखेड्याच्या त्या बैठकीत शेवटी मावशींनीच वही मागून घेतली. पेटीत पहिले दहा रुपये त्यांनीच टाकले आणि म्हणाल्या, "आता तापात मला घरी बसायला सांगा, बसते." आपापल्या वस्तीतही पुढच्या रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास थांबा. वहीचे ते पान भरा, पेटी सुरू करा आणि मुकादमाकडे कोण बोलणार ते ठरवा. साथ आल्यावर हे सुचत नाही आणि वेळही मिळत नाही.