घराचं इंटिरिअर करताय? टेप हातात घेण्याआधी फोनचं गणित समजून घ्या

गेल्या वर्षी आमच्या घरात एक कपाट आलं आणि ते बसलंच नाही. फक्त अर्ध्या इंचाने.

झालं असं, की बाबा रिटायर झाल्यावर आमचा वीस वर्षं जुना टू बीएचके नीट करून घ्यायचं ठरलं. घरात इंजिनिअर मी, त्यामुळे मोजमापाची जबाबदारी मी हौसेने अंगावर घेतली. फोनमधल्या एआर ॲपने बेडरूममधला कोनाडा मोजला. ॲप म्हणालं ७ फूट १ इंच. मी ऑनलाइन फॉर्म भरला, "आमचा माणूस मोजायला पाठवू का?" या प्रश्नावर "गरज नाही" असं टिक केलं आणि ७ फुटांचं कपाट मागवलं. कपाट आलं. तळाला बरोबर ७ फूट जागा होती, पण मध्यावर भिंतीला पोट आलेलं, तिथे निघाले ६ फूट साडेअकरा इंच. शेजारच्या सुतारकाकांनी ते उघडून, कापून, परत बसवून दिलं. अकरा हजार रुपये गेले. बाबा काही बोलले नाहीत, पण ते पैसे त्यांच्या पीएफचे होते.

चूक ॲपची नव्हती, माझी होती. ॲप काय मोजतं आणि काय मोजत नाही, हे मला माहीतच नव्हतं. आज तेच बघूया.

फोन भिंत मोजतो म्हणजे नक्की काय करतो?

साध्या फोनमध्ये अंतर मोजणारं वेगळं यंत्र नसतं. एआर ॲप दोन गोष्टी एकत्र करतं. एक, कॅमेऱ्यात दिसणारे ठळक बिंदू: फरशीची रेघ, स्विचबोर्डचा कोपरा, पडद्याची नक्षी. दोन, फोनमधले ॲक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप, जे फोन किती सरकला आणि किती वळला ते सांगतात. तुम्ही फोन हलवला की तेच बिंदू वेगळ्या कोनातून दिसतात, आणि त्यावरून ॲप अंतराचा हिशोब करतं. आपण एक डोळा मिटून मान हलवली की जवळची वस्तू जास्त सरकल्यासारखी दिसते, तसंच हे.

ॲपलने २०१७ मध्ये एआरकिट आणलं, गूगलचं एआरकोअर २०१८ मध्ये आलं, आणि तेव्हापासून अशी ॲप्स सगळीकडे दिसायला लागली. पण या पद्धतीचा एक कच्चा दुवा आहे. कोरी पांढरी भिंत असेल तर कॅमेऱ्याला धरायला बिंदूच सापडत नाहीत. अंधार, आरसा, काच, चकचकीत टाइल्स, सगळीकडे तीच अडचण. दहा फुटांच्या भिंतीत इंच-दोन इंचांचा फरक सहज पडतो.

आयफोन १२ प्रो आणि त्यानंतरच्या प्रो मॉडेल्समध्ये लायडार असतो. तो प्रकाशाचे अदृश्य ठिपके सोडतो आणि ते परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. साधारण पाच मीटरपर्यंत तो चांगला चालतो. २०२२ मध्ये ॲपलने रूमप्लॅन आणलं. ते वापरणारी ॲप्स खोलीतून एक चक्कर मारली की दारं-खिडक्यांसकट नकाशा तयार करून देतात. भारी आहे, पण भिंतीचं पोट आलंय का, कोपरा काटकोनात आहे का, हे त्या नकाशात नीट उतरेलच असं नाही.

म्हणून माझा आताचा नियम असा: फोन ठरवण्यासाठी, टेप कापण्यासाठी. सोफा कुठे ठेवायचा, बेड मावेल का, हे फोनवर बघा. ज्या मापावर प्लायवूड कापलं जाणार आहे, ते माप टेपनेच घ्या.

टेपने मोजायची पद्धत

१. कपाटाची जागा तीन ठिकाणी मोजा: तळाला, मध्यावर आणि वर. तिन्हींतलं सगळ्यात लहान माप खरं.

२. कोपरा गुण्यात आहे का ते बघा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करा, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा सरळ. शाळेतलं पायथागोरस, दुसरं काही नाही.

३. स्कर्टिंग, बीम, पाइप आणि स्विचबोर्ड प्रत्येक भिंतीवर कुठे आहेत ते लिहा. आमच्या एका भिंतीवरचा प्लग आज कपाटाच्या मागे आहे, कायमचा.

४. लिफ्टचं दार, जिन्याचं वळण आणि घराचं मुख्य दार मोजा. सोफा हॉलमध्ये मावतो पण घरात येत नाही, हे फार घरांत होतं.

५. माप कुठल्या एककात देताय ते पक्कं करा. ॲप सेंटीमीटर दाखवतं, फॅक्टरी मिलिमीटर मागते आणि सुतार फूट, इंच, सूत बोलतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि एका इंचात आठ सूत. सुतारकाका "दोन सूत कमी" म्हणाले, तर ते पाव इंच म्हणतायत.

मापं घेतली की भिंतींचे फोटो काढा आणि मार्कअप किंवा एडिट वापरून फोटोवरच आकडे लिहा. वहीतला कागद हरवतो, फोटो सगळ्यांना एकदम पाठवता येतो.

आता नकाशा

स्वीट होम थ्रीडी नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. कम्प्युटरवर आणि ब्राउझरमध्ये फुकट चालतं. भिंती काढा, मापं भरा, बेड-सोफा ओढून टाका, थ्रीडी समोर दिसतं. दिसायला थोडं जुनाट आहे, पण मापाला पक्कं. आणि आपल्याला तेच हवंय.

ते नको असेल तर फरशीवर वर्तमानपत्रं पसरून बेडच्या मापाचा आयत करा आणि दोन दिवस त्याभोवती चालून बघा. आमच्या आईला थ्रीडीपेक्षा हेच पटलं.

हॉल

टीव्ही घ्यायच्या आधी सोफा ते भिंत हे अंतर मोजा. स्क्रीनच्या तिरप्या मापाच्या साधारण दीडपट अंतर बसायला बरं पडतं. म्हणजे ५५ इंची टीव्हीसाठी सुमारे ७ फूट. टीव्हीचा मध्य बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत यावा. छताजवळ टांगलेला टीव्ही हॉटेलात ठीक, घरात मान दुखते.

राउटर शोभत नाही म्हणून त्याला टीव्ही युनिटच्या बंद खणात कोंबू नका. ५ गिगाहर्ट्झचा वायफाय वेगवान असतो, पण भिंतींमधून २.४ गिगाहर्ट्झपेक्षा कमी जातो. आणि आड आरसा किंवा धातूचा पत्रा आला की अजूनच लुळा पडतो. भिंती फोडलेल्याच आहेत तर मुख्य दारापासून टीव्हीपर्यंत आणि बेडरूमपर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्या. लॅनची केबल नंतर ओढता येते, भिंत नंतर फोडवत नाही.

स्वयंपाकघर

इथे दिसण्यापेक्षा उंची महत्त्वाची. रेडिमेड मॉड्युलर किचनचा ओटा साधारण ३४ इंचांचा येतो. आमची आई ४ फूट ११ इंच. त्या ओट्यावर पोळ्या लाटताना तिचे खांदे वर उचललेले राहायचे. सोपा हिशोब असा: जो माणूस रोज स्वयंपाक करतो त्याने सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून ४ ते ५ इंच वजा करायचे. आईसाठी ३२ इंच आले, तेवढाच ओटा केला. हे माप कुठलंही ॲप सांगत नाही, आईला विचारावं लागतं.

सिंकखालचं प्लायवूड पाण्यात टिकणारं हवं. त्यासाठी आयएस ७१० हा मरीन प्लायवूडचा भारतीय मानक आहे. आयएस ३०३ हा साध्या वापराच्या प्लायवूडचा. शिक्का खरा आहे का हे बघायला बीआयएस केअर ॲप घ्या. शीटवर छापलेला लायसन्स नंबर त्यात टाकला की कंपनीचं नाव आणि लायसन्स चालू आहे की नाही ते दिसतं. दुकानात उभं राहून दोन मिनिटांत होतं.

बेडरूम

१० फूट रुंदीची खोली धरा, म्हणजे १२० इंच. क्वीन बेड ६० इंच, कपाटाची खोली २४ इंच. उरले ३६ इंच. बेड भिंतीला टेकवला तर कपाटासमोर ३ फूट मिळतात, दार उघडून उभं राहता येतं. दोन्ही बाजूंनी उतरायची जागा हवी असेल तर १८-१८ इंच वाटणी होते, आणि मग उघडणारी दारं बेडवर आपटतात. तिथे सरकती दारं लावा. हा हिशोब पाच मिनिटांचा आहे, आणि तो न करता लोक लाखभर रुपये खर्च करतात.

बाथरूम

घरात आई-बाबा असतील तर फरशी खरखरीत घ्या आणि कमोडजवळ धरायला दांडा लावा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल्स लावायच्या आधी पाणी भरून निदान २४ तास ठेवा, आणि खालच्या घराच्या छताचा त्याआधीचा आणि नंतरचा फोटो काढून ठेवा. ओल आली तर तेव्हाच कळते, आणि शेजाऱ्यांशी भांडणही वाचतं.

एआयने काढलेले फोटो

आजकाल चॅटजीपीटी किंवा जेमिनाईला खोलीचा फोटो दिला की ते मिनिटभरात झकास खोली काढून देतं. रंगसंगती, पडदे, "साधं हवं की भरलेलं" हे ठरवायला मस्त. पण त्याला तुमच्या खोलीची मापं कळत नाहीत. आमच्या फोटोतला बीम त्याने गायब केला, खिडकी फूटभर सरकवली आणि ९ फुटांच्या भिंतीवर १२ फुटांचा सोफा टाकला. तो फोटो सुताराला "असंच करा" म्हणून दाखवू नका. आणि फोटो देण्याआधी भिंतीवरचे घरच्यांचे फोटो, टेबलावरची कागदपत्रं फ्रेममध्ये नाहीत ना ते बघा.

फोटो काढताना ०.५ एक्सची वाइड लेन्स वापरू नका. खोली आहे त्यापेक्षा मोठी दिसते. १ एक्सवर, कोपऱ्यात उभं राहून काढा.

रंग आणि दिवे

स्क्रीनवरचा रंग भिंतीवर कधीच तसा दिसत नाही. प्रत्येक फोनचा डिस्प्ले वेगळा, त्यात नाइट मोड चालू असला की सगळं पिवळं. कॅमेरापण व्हाइट बॅलन्स स्वतःच बदलतो. ॲपवर तीन रंग निवडा, छोटे डबे आणा, भिंतीवर दोन-दोन फुटांचे पट्टे मारा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवा लावून बघा.

दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ३००० के म्हणजे पिवळसर, बेडरूमला छान. ४००० के मधला, ओट्यावर बरा. ६५०० के पांढराशुभ्र, थोडा निळसर.

सगळ्यात कामाचा व्हिडिओ

वायरिंग आणि पाण्याचे पाइप भिंतीत बसले, पण प्लास्टर अजून व्हायचंय, त्या दिवशी घरी थांबा. प्रत्येक भिंतीवर टेप धरून सावकाश व्हिडिओ काढा: जमिनीपासून किती उंचीवर पाइप, कोपऱ्यापासून किती अंतरावर वायर. पुढे फ्रेम टांगायला ड्रिल मारताना हाच व्हिडिओ तुमचं गीझरचं पाणी आणि जीव दोन्ही वाचवेल. फोनसोबत क्लाउडवर एक कॉपी ठेवा, कारण फोन बदलतो, भिंती तशाच राहतात.

स्मार्ट स्विच लावायचे असतील तर त्याच वेळी प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल वायर आणायला सांगा. बहुतेक स्मार्ट स्विचना ती लागते, आणि जुन्या घरांत ती बोर्डापर्यंत आलेली नसते.

आणि एक गोष्ट जी कुठल्याही ॲपवर सोपवायची नाही: थ्रीडीमध्ये भिंत डिलीट करायला एक क्लिक लागतं, खऱ्या घरात तो कॉलम किंवा बीम असू शकतो. भिंत पाडायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि सोसायटीची परवानगी लेखी घ्या. हा फक्त तुमच्या घराचा प्रश्न नाही, वर राहणाऱ्यांचाही आहे.

आमचं कपाट आता व्यवस्थित बसलंय. दोन्ही बाजूंना सुतारकाकांनी लाकडाची बारीक पट्टी मारली, त्यामुळे भिंतीचं पोट दिसतही नाही. काम झाल्यावर काकांनी खिशातला टेप काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हा ठेव. याला चार्जिंग लागत नाही." तो आता माझ्या लॅपटॉपच्या बॅगेतच असतो.