‘डिड’ आले की ‘वेन्ट’चे ‘गो’ होते



नववी-दहावीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य दरवर्षी भेटते: ‘आय डिड नॉट वेन्ट’. लिहिणारे मूल बरेचदा हुशारच असते. पाठांतर कमी पडले, असे आपण म्हणतो. खरे तर सहायक क्रियापद, म्हणजे हेल्पिंग व्हर्ब, नेमके काय करते हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

इंग्रजीत बी, हॅव आणि डू ही तीन प्रमुख सहायक क्रियापदे. शिवाय कॅन, मे, मस्ट, शुड वगैरे मोडल. मोडलचा फारसा त्रास नाही. त्यांना ‘एस’ लागत नाही आणि पुढचे क्रियापद मूळ रूपात राहते: ‘शी कॅन सिंग’. गाडी अडते ती ‘डू’पाशी. ‘ही गोज’ या साध्या वाक्यात तो दिसतच नाही. नकार किंवा प्रश्न आला की मात्र हजर होतो आणि काळ-वचनाचे ओझे स्वतःच्या डोक्यावर घेतो: ‘ही डझ नॉट गो’. ‘गोज’मधला ‘एस’ उचलून ‘डझ’मध्ये गेला. भूतकाळात तो ‘डिड’ होतो, म्हणून ‘वेन्ट’ पुन्हा ‘गो’. ओझे एकानेच वाहायचे, दोघांनी नाही. (शेक्सपिअरच्या काळी, म्हणजे १६०० च्या आसपास, ‘आय नो नॉट’ असेही सर्रास लिहीत. ‘डू’ची सक्ती नंतर पक्की झाली.)

आता आपल्या दोन भाषांकडे पाहा. हिंदीत ‘वह नहीं जाता, वे नहीं जाते’. ‘नहीं’ तसेच राहते, बदलते ते क्रियापद. मराठीत ‘तो जात नाही, ते जात नाहीत, तू जात नाहीस’. येथे ‘जात’ जागचे हलत नाही, बदल ‘नाही’मध्ये होतो. इंग्रजीचे ‘डझ नॉट गो, डू नॉट गो’ याच वळणाचे आहे! माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, हिंदीबद्दल मला आदरच आहे. पण इंग्रजी सुधारावे म्हणून घरातले मराठी बंद करणाऱ्या पालकांनी हे उदाहरण जरूर पाहावे. घरी ‘जात नाहीस’ बोलणाऱ्या मुलाला ‘डझ’ समजावणे सोपे जाते.

भूतकाळात मात्र मराठीही दगा देते. ‘तो गेला नाही, ते गेले नाहीत’ यात दोन्ही शब्द बदलतात, आणि तेथूनच ‘डिड नॉट वेन्ट’ जन्मते. तेवढ्यापुरते मराठी बाजूला ठेवावे.

दुसरी अडचण प्रश्नाची. ‘तू कुठे जातो आहेस?’ यात शब्दांचा क्रम बदलत नाही, म्हणून मुले ‘व्हेअर यू आर गोइंग?’ लिहितात. इंग्रजीत सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते: ‘व्हेअर आर यू गोइंग?’ गंमत म्हणजे ‘टेल मी व्हेअर यू आर गोइंग’ हे बरोबर आहे, कारण तेथे प्रश्न वाक्याच्या पोटात गेला.

आणि ‘आय डिड नॉट डू माय होमवर्क’ यात ‘डू’ दोनदा आला म्हणून एक खोडू नका. पहिला मदतनीस, दुसरा खरे काम करणारा.

खालील वाक्ये वहीत दुरुस्त करून वर्गशिक्षकांना दाखवा:
‘शी डझ नॉट लाइक्स टी.’
‘व्हाय यू आर लेट?’
‘डिड यू सॉ द मॅच?’
‘ही मस्ट गोज नाऊ.’

— मुख्याध्यापक