जगाच्या अंताचे गणित

जगाचा शेवट केव्हा होणार, हा प्रश्न माणसाला फार पूर्वीपासून छळीत आला आहे. आपल्याकडे कलियुगाच्या वर्षांचा हिशेब मांडणारे झाले, तसे ख्रिस्ती जगात बायबलमधील भाकितांवरून अंताचा दिवस काढू पाहणारेही झाले. त्यांपैकी अमेरिकेतील विल्यम मिलर याची हकीकत विशेष बोलकी आहे. त्याची वजाबाकी बरोबर होती. चुकले ते गृहीत.

मिलर (१७८२–१८४९) हा न्यूयॉर्क राज्यातील एक शेतकरी. तारुण्यात तो धर्मग्रंथांविषयी साशंक होता. पुढे श्रद्धावान झाला आणि बायबलचा ओळीओळीने अभ्यास करू लागला. दानीएलाच्या पुस्तकातील आठव्या अध्यायापाशी तो थबकला. २३०० संध्याकाळ-सकाळ लोटल्यावर पवित्रस्थान शुद्ध होईल, असे तेथे सांगितले आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष, आणि पवित्रस्थानाची शुद्धी म्हणजे ख्रिस्ताचे पुनरागमन, असे मिलरने धरले. इराणच्या अर्तहशश्त राजाने यरुशलेमसंबंधी इ. स. पूर्व ४५७ मध्ये काढलेल्या फर्मानापासून त्याने मोजणी सुरू केली. २३०० मधून ४५७ वजा केले की १८४३ उरतात.

१८३१ पासून मिलर जाहीर प्रवचने देऊ लागला आणि हजारो लोक त्याच्यामागे आले. मार्च १८४४ मध्ये त्याने दिलेली मुदत टळली. इसवी सनाच्या मोजणीत शून्य वर्ष नसते, हेही ध्यानात आले. तेव्हा सॅम्युएल स्नो या अनुयायाने २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख काढली. काहींनी शेतातील उभे पीक तसेच राहू दिले. तो दिवस आला, रात्र सरली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे सूर्य उगवला. इतिहासात ही घटना ‘महान निराशा’ या नावाने ओळखली जाते. काही अनुयायी म्हणाले की तारीख खरी, परंतु घटना पृथ्वीवरची नसून स्वर्गातील पवित्रस्थानातली. याच प्रवाहातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ संघटित झाला.

आता तोच अध्याय दुसऱ्या बाजूने पाहू. त्यातील मेंढा म्हणजे मेदय व पारस यांचे राजे आणि बकरा म्हणजे ग्रीसचा राजा, असा उलगडा तो अध्याय स्वतःच करतो. पुढे येणारे ‘लहान शिंग’ म्हणजे अँटायोकस एपिफानीस, असे बहुतेक अभ्यासक मानतात. या राजाने इ. स. पूर्व १६७ मध्ये यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले. १६४ मध्ये यहुद्यांनी ते पुन्हा शुद्ध केले. मंदिरात रोज सकाळी व संध्याकाळी असे दोन होम होत. त्या हिशेबाने २३०० होम म्हणजे ११५० दिवस, अर्थात तीन वर्षांहून थोडा अधिक काळ! छळ सोसणाऱ्यांना ‘याला अंत आहे’ असा धीर देणे, हा त्या शब्दांचा हेतू दिसतो.

नव्या करारातील ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाबाबतही असेच मतभेद आहेत. कोणी त्यात रोमन साम्राज्यातील छळ पाहतात, कोणी संपूर्ण ख्रिस्ती इतिहासाचा आराखडा पाहतात, कोणी केवळ भविष्यकाळ, तर कोणी सत्-असत् यांच्या सनातन संघर्षाचे रूपक. श्वापदाचा ६६६ हा अंक घ्या. हिब्रू अक्षरांना संख्यामूल्य असते. त्या लिपीत ‘नेरोन कैसर’ लिहून बेरीज केली तर ६६६ येते. काही प्राचीन हस्तलिखितांत ६१६ आहे. नावातील शेवटचा ‘न’ गाळला की नेमकी तीच बेरीज मिळते. नंतरच्या शतकांत मात्र या अंकावर ज्याने त्याने आपापला शत्रू बसविला.

तो दिवस व ती घटका कोणालाच ठाऊक नाही, असे खुद्द येशूने सांगितल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात नमूद आहे. तरीही माणूस तारखा काढीतच राहतो, कारण अनिश्चिततेपेक्षा चुकीची तारीखही त्याला अधिक दिलासा देते. म्हणून भाकीत हाती घेताना ‘हे केव्हा घडेल?’ असे विचारण्याआधी ‘हे कोणाला, कोणत्या संकटात सांगितले गेले?’ असे विचारावे. श्रद्धावान असो वा चिकित्सक, या प्रश्नापासून आरंभ करणाऱ्याला ग्रंथ अधिक कळेल. आणि कोणाच्या शब्दावर आपले पीक शेतात सोडून देण्याची पाळीही त्याच्यावर येणार नाही.