पाच पट्ट्यांचा मासा

तीर्थपुरीच्या बाजारात तुम्ही रोहू, कटला, मरळ हे मासे पाहिले असतील. हे सारे गोड्या पाण्यातले मासे. आज आपण समुद्रातल्या एका लहान माशाची ओळख करून घेऊ.

त्याचे नाव सार्जंट मासा. सैन्यातील सार्जंटच्या बाहीवर फिती असतात, तसे याच्या अंगावर काळे पट्टे असतात. शास्त्रज्ञ या माशाच्या प्रजातीला 'अबूडेफडफ' म्हणतात. यातला 'अबू' हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला ना? हे नाव अरबीतूनच आले आहे. पेहर फोर्स्कोल नावाचा निसर्गशास्त्रज्ञ १७६२ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर गेला होता. तेथील माशांची माहिती लिहिताना त्याने स्थानिक लोकांची नावेही टिपून घेतली. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७७५ साली छापला गेला.

सार्जंट माशाच्या अनेक जाती आहेत. त्या कशा ओळखाव्यात? केवळ रंगावर विसंबू नका. अंड्यांची राखण करताना नराचा रंग निळसर होतो. म्हणून आधी पट्टे मोजा. उभे काळे पट्टे पाच असतील, तर शेपटीही पाहा. शेपटीच्या दोन्ही पात्यांवर काळी रेघ असेल, तर तो कात्रीसारख्या शेपटीचा सार्जंट. रेघ नसेल, तर तो साधा सार्जंट. पट्टे सहा-सात आणि बारीक असतील व पाठ पिवळी नसेल, तर तो बंगाली सार्जंट.

हा मासा उथळ, उबदार पाण्यात खडकांजवळ आणि प्रवाळांजवळ राहतो. प्रवाळ म्हणजे उर्दूतील मरजान किंवा मूंगा. तो दगडासारखा दिसतो. पण असंख्य लहान प्राण्यांनी मिळून तो बांधलेला असतो. आपल्या राज्यात मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती असे प्रवाळ आहेत. तेथे सार्जंट माशांचे थवे दिसतात. हा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे.

सार्जंटची मादी खडकाला चिकटून राहणारी अंडी घालते आणि नर त्यांवर पहारा देतो. होडीचा नांगर पडला किंवा कोणी पाय दिला, तर प्रवाळ मोडतो. समुद्राचे पाणी फार तापले, तर तो पांढरा पडतो आणि मरूही शकतो. प्रवाळ गेला, की माशाचा आसरा जातो.

कधी मालवणला गेलात, तर पट्टे जरूर मोजा. पण प्रवाळावर पाय ठेवू नका. ते कोणाचे तरी घर आहे.