‘पूना डिव्हिजन’ बगदादच्या वाटेवर कशी गेली?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना भोर तालुक्यातील सारोळ्यापाशी नीरा नदी ओलांडली, की पुणे जिल्ह्याची हद्द संपते. नीरेच्या अलीकडचा भोरचा मुलूख १९१४ साली पंत सचिवांच्या संस्थानात होता, तर पलीकडे सातारा जिल्हा. मावळ, सातारा आणि कोकण या टापूतील मराठा शेतकऱ्यांमधून ब्रिटिशांच्या मराठा पलटणींची भरती होत असे. डोंगरउतारावरची तुटपुंजी शेती आणि शिपायाचा दरमहा ११ रुपये पगार यांचा हिशेब घराघरांत पक्का होता. या पलटणी पहिल्या महायुद्धात तैग्रिस नदीच्या काठी, आजच्या इराकमध्ये लढल्या. युरोपातील राजघराण्यांच्या भांडणाशी त्यांचा संबंध कसा आला, हे समजून घेण्यासाठी १९१४ च्या उन्हाळ्यापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी जूनच्या मध्यास लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगातून सुटून पुण्यास परतले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २८ जून रोजी, साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या झाली. हे युद्धाचे निमित्त होते. खरे कारण होते ते परस्परांच्या धास्तीतून झालेल्या तहांच्या साखळीत. २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले, रशिया सर्बियाच्या पाठीशी उभा राहिला, १ ऑगस्टला जर्मनी रशियावर आणि ३ ऑगस्टला फ्रान्सवर उलटला. जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरताच ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरले. भारताला कोणी विचारले नाही. साम्राज्याचा भाग म्हणून तो आपोआप युद्धात ओढला गेला. तरीही ऑगस्टअखेर टिळकांनी या प्रसंगी सरकारला साहाय्य करण्याची भूमिका जाहीर केली. या मदतीच्या मोबदल्यात राजकीय हक्क पदरात पडतील, ही आशा तेव्हा अनेक नेत्यांना होती.

इराककडे मात्र ब्रिटिशांची नजर वेगळ्याच कारणाने वळली होती. ब्रिटिश आरमार कोळशाऐवजी खनिज तेलावर चालू लागले होते. इराणच्या आखातालगत अबादान येथे अँग्लो-पर्शियन कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता आणि ब्रिटिश सरकारने १९१४ मध्येच त्या कंपनीचा बहुसंख्य भागहिस्सा घेतला होता. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने गेल्यास हा कारखाना धोक्यात येणार, हे उघड होते. म्हणून तुर्कस्तान युद्धात उतरण्यापूर्वीच, ऑक्टोबरच्या मध्यास, सहाव्या म्हणजेच ‘पूना’ डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबईहून आखाताकडे निघाली. ५ नोव्हेंबरला ब्रिटनने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी ही फौज फाव येथे उतरली.

नाव पुण्याचे असले, तरी या डिव्हिजनमधील सारे सैनिक मराठी नव्हते. तीत ब्रिटिश, पंजाबी आणि राजपूत पलटणीही होत्या. परंतु तिच्या तिन्ही ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती : ११७ वी, १०३ री आणि ११० वी. शिवाय खडकी हे मुख्य ठाणे असलेल्या बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्या होत्या.

पहिले वर्ष यशाचे गेले. २२ नोव्हेंबरला बसरा पडले, ९ डिसेंबरला कुर्ना. एप्रिल १९१५ मध्ये शैबा येथे तुर्कांचा मोठा प्रतिहल्ला मोडून काढण्यात आला. मेअखेरीस जनरल टाउनशेंड यांच्या सैन्याने पुराच्या पाण्यातून स्थानिक होड्यांत बसून चढाई केली आणि ३ जूनला अमारा घेतले. सप्टेंबरअखेर कूतही हाती आले. तेल सुरक्षित करण्याचे मूळ उद्दिष्ट तर केव्हाच साधले होते. थांबण्याची वेळ हीच होती.

पण तेव्हा गॅलिपोलीत ब्रिटिशांची फजिती चालली होती आणि पूर्वेकडे गेलेली पत सावरण्यासाठी बगदादसारखे मोठे नाव हवे होते. ऑक्टोबरमध्ये लंडनने पुढे जाण्यास संमती दिली. या निर्णयातील घातक बाब वाहतुकीची होती. बसऱ्यापासून पुढे लोहमार्ग नव्हता. रसद, दारूगोळा आणि जखमी यांचा सारा भार नदीतील मोजक्या आगबोटींवर होता. सैन्य जितके पुढे जाई, तितका हा धागा ताणला जाई. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, टेसिफोन येथे तो तुटला. साडेचार हजारांवर माणसे मारली गेली वा जखमी झाली आणि डिव्हिजन माघार घेत कूतमध्ये परतली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्कांनी कूतला वेढा घातला. तो एप्रिलअखेरपर्यंत टिकला. अन्न संपत गेले, घोडे कापावे लागले. भारतीय शिपायांपैकी अनेकांनी धर्माच्या धाकाने घोड्याचे मांस दीर्घकाळ नाकारले आणि उपासमार व रक्तपिती यांनी ते खंगले. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत सुमारे २३ हजार सैनिक मारले गेले वा जखमी झाले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जण शरण गेले. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखाने ठेवण्यात आले. शिपायांना वाळवंटातून पायी हाकण्यात आले आणि त्यांतील हजारो परतले नाहीत. १९१७ च्या चौकशी आयोगाने या मोहिमेच्या व्यवस्थेवर कठोर ताशेरे ओढले व भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्याआधीच, मार्च १९१७ मध्ये, पुरेशी वाहतूक उभारून नव्या सैन्याने बगदाद जिंकले होते. म्हणजे उणीव शौर्याची नव्हती, तयारीची होती.

या माणसांच्या स्मृतीचा हिशेबही तितकाच अपुरा राहिला. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. मात्र सुमारे ३३ हजार भारतीय शिपायांची नोंद पलटणवार केवळ आकड्यांत झाली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये ही विषमता मान्य करून माफी मागितली. पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक गावांत आजही जुनी दगडी पाटी दिसते : या गावातून इतके जण महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. तिथेही आकडेच आहेत. ती नावे कुणाच्या घरच्या जुन्या पेटीत, पेन्शनच्या कागदांत किंवा पदकाच्या कडेवर कोरलेली असू शकतात. ती जपून नोंदवणे, एवढे तरी गावांच्या हाती आहे.