पटावर नाव आहे, पण शिकतंय का?

आज कर्जाचा हप्ता, व्याज यावर बोलायचं नाही. आपल्या घरातल्या, आपल्या गल्लीतल्या दिव्यांग मुलांच्या शिक्षणावर बोलूया.

आमच्या एका गटातली वहिनी दर बैठकीला मुलाला घेऊन यायची. चौथीतला मुलगा. "मास्तर म्हणतात, लक्ष देत नाही," असं ती सांगायची. एकदा पाठीमागून कुणाच्या तरी हातातलं ताट पडलं. सगळ्या दचकलो, पोरानं मान वळवली नाही. तपासणी केली तेव्हा कळलं, त्याला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. चार वर्षं तो शेवटच्या बाकावर बसला होता. पटावर नाव होतं, हजेरी होती, पोषण आहारही मिळत होता. शिक्षण तेवढं राहिलं होतं. त्या रात्री वहिनी रडून म्हणाली, "मी त्याला किती मारलं गं!"

चूक एकट्या आईची नाही, एकट्या मास्तरांचीही नाही. मूल शाळेत आलं म्हणजे काम झालं, असं आपण सगळ्यांनीच धरून चाललो.

कायदा काय सांगतो ते बघूया. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. डोळे, कान, हात-पाय यांच्याबरोबर बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि लिहिता-वाचताना येणारी विशिष्ट अडचणही त्यात आहे. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची शाळा घ्यायची की विशेष शाळा, ही निवड आपली. ज्या मुलाला अंथरुणावरून हलताच येत नाही, अशा तीव्र दिव्यांग मुलाला घरी शिकण्याचा पर्याय 2012 पासून शिक्षण हक्क कायद्यात आहे.

याच 2016 च्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करायची, दिव्यांग मुलं शोधायची आणि त्यांच्या गरजा किती भागल्या ते बघायचं. म्हणजे कारभाराचा हिशेब घ्यायचा. आपण गटाचं ऑडिट करतो ना, तसंच हे. मात्र पाहणीला येणाऱ्यापासून आपणच मूल आतल्या खोलीत ठेवलं, तर ते हिशेबात येणार कसं?

आता अडतं कुठं? पहिली अडचण शिक्षकांची. 2021 साली सर्वोच्च न्यायालयानं प्रमाण सांगितलं: प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना 15 मुलांमागे एक. आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं 2024 मध्ये केंद्र पातळीवर 4860 विशेष शिक्षकांच्या पदांना मान्यता दिली. पण एका केंद्रात कितीतरी शाळा असतात. एकच शिक्षक सगळीकडे फिरणार, तर आपल्या मुलाच्या वाट्याला किती तास येणार, हे विचारायलाच हवं.

दुसरी अडचण दोन दारांची. साधी शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. एका दारातून दुसऱ्या दारात जाताना मूल मध्येच गळतं, आणि मुलगी असली की लवकर गळते. म्हणून तर दिव्यांग मुलींना समग्र शिक्षा योजनेत महिना 200 रुपये, दहा महिने, असा भत्ता ठेवला आहे.

मग आपण काय करायचं?

पुढच्या बैठकीत गावातल्या अशा मुलांची यादी करा. शाळेत न जाणारी आणि जाऊनही मागं पडणारी, दोन्ही. ज्यांचा दाखला नाही त्यांच्यासाठी ऑनलाइन अर्ज भरून यूडीआयडी कार्ड काढा. तपासणीचा दिवस आधी विचारूनच सीपीआरला जा, म्हणजे रोजगार बुडून हेलपाटा व्हायचा नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. तिथं नुसती सही करून येऊ नका. तीन प्रश्न विचारा: विशेष शिक्षक महिन्यात किती वेळा आले? या मुलाला सहा महिन्यांत काय यायला हवं, हे लिहून ठेवलंय का? उतार, शौचालय, श्रवणयंत्र यातलं काय मिळालं, काय राहिलं? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. पुढच्या सभेत तिथूनच सुरुवात करा. काम हललं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो, तो कशावर खर्च झाला हेही ग्रामसभेत विचारा.

हे आपल्याला जमण्यासारखं आहे. 1917 साली शाहू महाराजांनी या करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. 1984 साली स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेल्या नसीमा हुरजूक यांनी सहकाऱ्यांना घेऊन कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' संस्था उभी केली. तीच ही माती.

त्या वहिनीच्या मुलाला आता श्रवणयंत्र आहे. तो पुढच्या बाकावर बसतो. वाचायला अजून अडखळतो, गेलेली चार वर्षं काही परत येत नाहीत. पण परवा बैठकीत मागून मी हाक मारली, तर वळून म्हणाला, "काय मावशी?"

तुमच्या गल्लीत असं कुणी न वळणारं पोर आहे का, एवढं आज बघा.